अँड्रॉइडसाठी क्यूटी ६.८ घरच्या डेस्कटॉपवर कंपाइल करताना टर्मिनलच नाहीसं होतं. सगळं बांधायलाच हवं का?

पिंपळगावकरीण

नमस्कार. मी निफाड तालुक्यातली. पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे आमचा मळा आहे आणि आम्ही मळ्यातच राहतो. द्राक्षबाग वडील आणि काका मिळून बघतात, माल निर्यातीला जातो. त्यामुळे फवारणीची नोंद हा आमच्या घरात रोजचा विषय. कोणतं औषध, किती पाण्यात, कोणत्या प्लॉटवर, कोणत्या तारखेला मारलं आणि त्याचा पीएचआय (फवारणीनंतर तोडणीपर्यंत थांबायचा काळ) संपायला अजून किती दिवस आहेत. युरोपला जाणाऱ्या मालाचा प्लॉट ग्रेपनेटवर (निर्यातीच्या द्राक्षांच्या ऑनलाइन नोंदणीवर) नोंदवलेला असतो, रेसिड्यू (मालात उरलेला औषधाचा अंश) तपासला जातो, आणि तेव्हा नोंदवही नीट असावी लागते. वही फवारणीच्या ब्लोअरजवळ ठेवली की भिजते, घरी ठेवली की संध्याकाळपर्यंत अर्धं विसरायला होतं.

म्हणून मी ॲप लिहिलं. क्यूटी ६.८ (ॲप बनवायच्या तयार लायब्ररींचा संच), सी प्लस प्लस आणि क्यूएमएल (क्यूटीची स्क्रीन मांडायची भाषा), आत एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस. क्यूटी घेण्याचं कारण एवढंच की पॅकहाऊसच्या ऑफिसात लिनक्सचा पीसी आहे आणि मळ्यात सगळ्यांकडे अँड्रॉइड फोन. एकाच कोडवर दोन्ही चालतं. वडील ते रोज वापरतात, शेजारच्या दोन मळ्यांनीही मागून घेतलंय.

अडचण ‘शेरा’ या रकान्यात आहे. तिथे लोक मराठीत लिहितात: ‘भुरी दिसली’, ‘फेलफुटी काढल्या’, ‘द्राक्षमणी तडकले’. लिहिताना मध्येच खोडलं, तर काही फोनवर कर्सर भलतीकडे जातो आणि क्षच्या जागी अर्धा क राहतो. क्ष म्हणजे युनिकोडमध्ये तीन कोडपॉइंट: क, हलन्त आणि ष. कीबोर्ड ‘डावीकडचं एक काढ’ असं सांगतोय की ‘तीन काढ’, आणि ते माझ्या रकान्यापर्यंत कसं पोहोचतंय, हे मला डोळ्यांनी बघायचंय. गडबड माझ्या क्यूएमएलमध्ये आहे, कीबोर्डमध्ये आहे की मधल्या थरात, हे तोपर्यंत सांगता येणार नाही.

शोधत शोधत मी क्यूटीबेसच्या (क्यूटीच्या मूळ भागाच्या) सोर्समध्ये अँड्रॉइड प्लॅटफॉर्म प्लगइनच्या, म्हणजे क्यूटीला अँड्रॉइडशी जोडणाऱ्या तुकड्याच्या, फोल्डरपर्यंत पोहोचले. तिथे क्यूअँड्रॉइडइनपुटकॉन्टेक्स्ट नावाची फाइल आहे. कीबोर्डचा प्रत्येक निरोप, मजकूर पक्का कर, इतकं खोड, एवढा भाग तात्पुरता धर, तिच्यातूनच जातो. मला नेमक्या हव्या त्या डिबगच्या ओळीही तिथे लिहिलेल्या आहेत, पण क्यूटी_डीबग_अँड्रॉइड_आयएम_प्रोटोकॉल या मॅक्रोच्या (कंपाइल करतानाच चालू-बंद होणाऱ्या खुणेच्या) आड. म्हणजे इन्स्टॉलरमधून आलेल्या तयार लायब्ररीत त्या नाहीतच. कंपाइल करण्यावाचून इलाज नाही असं दिसतं.

मशीन: रायझन ५ ५६००जी, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, एसएसडी, उबुंटू २२.०४. सगळ्या मॉड्यूलचं सोर्स उतरवून घेतलं, कॉन्फिगर व्यवस्थित पार पडलं, बिल्ड लावलं. काही वेळाने माउस अडकायला लागतो, पंख्याचा आवाज वाढतो, आणि मग टर्मिनलची खिडकीच नाहीशी होते. एरर नाही, काही नाही. डेस्कटॉप जागच्या जागी, टर्मिनल तेवढं गायब.

विचारायचंय ते असं. टर्मिनल का जातं? एका फाइलमधल्या चार ओळींसाठी अख्खं क्यूटी बांधावंच लागतं का? आणि अँड्रॉइडसाठी बांधण्याआधी डेस्कटॉपसाठीही बांधावं लागतं असं वाचलं, ते का?

नाशिकरोड

इन्स्टॉलरमधून अँड्रॉइडच्या चारही एबीआयच्या (प्रोसेसरच्या प्रकारांच्या) तयार लायब्ररी मिळतात. त्या सोडून सोर्सच्या वाटेला जाऊ नये असं माझं मत. मॅक्रो चालू करण्याऐवजी क्यूएमएलमध्येच मजकूर बदलल्याच्या सिग्नलवर कन्सोलला छापून बघा ना. किंवा शेऱ्याच्या रकान्यावर भाकीत (कीबोर्डने शब्द सुचवणं) बंद करण्याचा इनपुट हिंट लावा, तात्पुरतं काम भागेल.

पिंपळगावकरीण

सिग्नलवर छापून झालंय. मजकूर बदलल्यानंतर काय उरलं ते दिसतं, कीबोर्डने काय मागितलं होतं ते दिसत नाही, आणि मला नेमकं तेच हवंय. भाकीत बंद केलं तर काकांची पंचाईत होते. त्यांची बोटं जाड, ते तीन अक्षरं टाकून वरचा शब्द निवडतात. ज्यांच्यासाठी ॲप केलं त्यांचीच ती सोय काढून घ्यायची नाही.

सातपूरकर

ताई, तुमचं कारण रास्त आहे आणि तुम्ही नेमक्या फाइलपर्यंत पोहोचलाय. मी सातपूरला मशीनच्या एचएमआय पॅनेलसाठी (मशीन चालवायच्या स्क्रीनसाठी) क्यूटी क्रॉस-कंपाइल करतो, म्हणजे एका मशीनवर दुसऱ्या प्रकारच्या मशीनसाठी. आमचं टार्गेट अँड्रॉइड नसून एम्बेडेड लिनक्स असतं, पण रीत तीच, आणि घरी अँड्रॉइडसाठीही करून बघितलंय.

आधी टर्मिनलचं. तुमच्या प्रोसेसरला ६ कोर, १२ थ्रेड आहेत. निंजाला (बिल्डची कामं लावणाऱ्या अवजाराला) काही सांगितलं नाही तर तो थ्रेडपेक्षा दोन जास्त, म्हणजे एका वेळी १४ कामं लावतो. क्यूटीच्या काही फाइली अशा आहेत की एकेक कंपाइलर प्रोसेस सहज अर्धा-एक जीबी खाते, टेम्प्लेट जास्त असतील तर त्याहूनही अधिक. तुमच्या ८ जीबीतला एक तुकडा ग्राफिक्सने आधीच बाजूला ठेवलाय, कारण ५६००जीचं ग्राफिक्स त्याच रॅमवर चालतं. वर ब्राउझर उघडा असेल तर विचारूच नका.

आता एरर का दिसत नाही ते. उबुंटू २२.०४ च्या डेस्कटॉपवर सिस्टिमडी-ओओएमडी ही सेवा मुळातच चालू असते. मेमरी आणि स्वॅप (रॅम भरली की वापरायची डिस्कवरची जागा) दोन्ही काठोकाठ आले की ती एक प्रोसेस मारून थांबत नाही, त्या प्रोसेसचा पूर्ण कंट्रोल ग्रुप, म्हणजे एकत्र धरलेल्या प्रोसेसचा गट, मारते. तुमचा बिल्ड ज्या गटात चालतो त्याच गटात टर्मिनलमधला आज्ञा घेणारा शेलही असतो, म्हणून खिडकीसकट सगळं जातं आणि एरर छापायला कोणी उरत नाही. जर्नलसीटीएलमध्ये (सिस्टिमच्या नोंदी दाखवणाऱ्या आज्ञेत) त्या सेवेच्या नावाने शोधा. मेमरी आणि स्वॅप ९० टक्क्यांच्या वर गेल्यामुळे इतक्या प्रोसेस मारल्या, अशी ओळ सापडेल. ती सेवा बंद करून प्रश्न सुटत नाही. मग कर्नल स्वतः एखादा कंपाइलर मारेल आणि तुम्हाला नुसतं ‘किल्ड’ दिसेल.

यावर उपाय म्हणजे समांतर कामं ४ वर आणा. स्वॅप फाइल ८ जीबीची करून ठेवा. बिल्ड चालू असताना ब्राउझर बंद. आणि कधीतरी पैसे हाताशी असतील तेव्हा ८ जीबीची दुसरी स्टिक घाला, मदरबोर्डवर दुसरा स्लॉट रिकामा असेल तर. दोन स्टिक झाल्या की मेमरी ड्युअल चॅनेलला जाते आणि याच ग्राफिक्सलाही त्याचा फायदा होतो. पण या कामासाठी ती लागणारच असं नाही, कारण मुळात तुम्हाला एवढं बांधायचंच नाहीये.

दुसरा प्रश्न महत्त्वाचा, त्यावर जरा सविस्तर लिहितो. अख्खं क्यूटी अजिबात बांधू नका. त्यात वेबइंजिन आहे, म्हणजे आत अख्खं क्रोमियम, आणि ते अँड्रॉइडवर चालतही नाही. तुमची फाइल क्यूटीबेसमध्ये आहे. क्यूटीबेसचं सोर्स वेगळं मिळतं, सुमारे ५० एमबीचं. तुमच्या इन्स्टॉलरच्या क्यूटीची जी आवृत्ती आहे त्याच आवृत्तीचं घ्या, शेवटच्या आकड्यापर्यंत तीच. ६.८.१ असेल तर ६.८.१. ६.८.२ चालणार नाही, कारण प्लॅटफॉर्म प्लगइन क्यूटीचा खासगी एपीआय वापरतं आणि दोन आवृत्त्यांमध्ये तो सारखा राहील याची हमी कोणी देत नाही.

क्यूटीबेसमध्येही सगळं नको. सीमेकमध्ये (बिल्डची आखणी करणाऱ्या अवजारात) त्या प्लगइनचं स्वतःचं टार्गेट, म्हणजे एकटं बांधता येणारं काम, आहे, क्यूअँड्रॉइडइंटिग्रेशनप्लगइन या नावाचं. प्लगइनच्या फोल्डरमधल्या सीमेकलिस्ट्स फाइलमध्ये ते जसंच्या तसं लिहिलेलं दिसेल, तिथूनच कॉपी करा. निंजाला एवढं एकच टार्गेट सांगितलं की तो कोअर, गुई आणि त्यांना लागणारं, फ्रीटाइप, हार्फबझ वगैरे, इतकंच बांधतो. विजेट्स नाही, एसक्यूएल नाही, नेटवर्क नाही. उदाहरणं आणि टेस्ट मात्र कॉन्फिगरच्या वेळीच वगळा.

तिसरा प्रश्न, आधी डेस्कटॉपचं क्यूटी कशाला. बिल्डच्या दरम्यान क्यूटी स्वतःचीच काही अवजारं चालवतं. मॉक हेडर वाचून मेटा-ऑब्जेक्टचा कोड लिहितं, आरसीसी चित्रं आणि फाइली कोडमध्ये बसवतं, क्यूएमएल असेल तर क्यूएमएलकॅशजेन लागतं. ही अवजारं तुमच्या रायझनवर चालायला हवीत. फोनच्या आर्म प्रोसेसरसाठी कंपाइल केलेलं मॉक तुमच्या पीसीवर चालणार कसं? मशीन शॉपमध्ये जॉब लावण्याआधी फिक्स्चर तयार लागतं, तसं हे आहे. क्यूटी ५ मध्ये ही अवजारं त्याच बिल्डमध्ये बाजूला तयार व्हायची, क्यूटी ६ ने सीमेकवर आल्यावर दोन्ही वेगळं केलं.

पण डेस्कटॉपचं क्यूटीही तुम्हाला बांधायची गरज नाही. पॅकहाऊसच्या पीसीसाठी तुम्ही ॲप करता, म्हणजे इन्स्टॉलरमधलं लिनक्सचं क्यूटी तुमच्याकडे आहेच, जीसीसी_६४ नावाच्या फोल्डरमध्ये. क्यूटी-होस्ट-पाथ म्हणून तेच दाखवा.

कॉन्फिगरला एकूण इतकं सांगायचं: प्लॅटफॉर्म अँड्रॉइड-क्लँग, एसडीकेचा (अँड्रॉइडच्या अवजारांचा) रस्ता, एनडीकेचा (सी प्लस प्लससाठीच्या अँड्रॉइड अवजारांचा) रस्ता, होस्टचा रस्ता, एबीआय एकच, आर्म६४-व्ही८ए, आणि रिलीज बिल्ड. एनडीके मात्र नवं आहे म्हणून उचलू नका. ६.८ साठी आर२६बी ठरलेलं आहे, त्याचा पूर्ण आकडा २६.१.१०९०९१२५. जेडीके (जावाची अवजारं) १७. सोर्सच्या फोल्डरमध्ये बिल्ड करू नका, शेजारी वेगळं रिकामं फोल्डर करा. कॉन्फिगरला दिलेलं काही बदललं तर ते फोल्डर पूर्ण रिकामं करून पुन्हा सुरुवात करा. सीमेकची कॅश जुनी उत्तरं धरून बसते आणि मग चुकीच्या एनडीकेचा रस्ता कुठून येतोय ते शोधत बसावं लागतं.

मॅक्रोसाठी कॉन्फिगरला काही द्यायची गरज नाही. त्या फाइलमध्ये सगळ्यात वर डिफाइनची एक ओळ घाला, पुरे.

पिंपळगावकरीण

जर्नलमध्ये अगदी तशीच ओळ निघाली, सिस्टिमडी-ओओएमडीची. स्वॅप उबुंटूने दिलेली तेवढीच होती, २ जीबी. आता ८ केली.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे क्यूटीबेस वेगळं घेतलं, कॉन्फिगर झालं, ४ कामांवर बिल्ड लावलं. मशीन वापरता येतंय, शेजारी नोटपॅड उघडून हे लिहितेय. अवजारांचं कारण कळल्यावर होस्ट-पाथचा अर्थ लागला. तोपर्यंत तो मला नुसता कुठूनतरी पाठ केलेला पर्याय वाटत होता.

दोन गोष्टी अजून हव्यात. आमचं घर मळ्यात आहे, लाइट कधी जाईल ते सांगता येत नाही, सिंगल फेजवर व्होल्टेजही कमीजास्त होतं. इन्व्हर्टरवर घरातले दिवे आणि राउटर चालतात, पीसी त्यावर नाही. मध्येच लाइट गेली तर सगळं पहिल्यापासून का?

आणि प्लगइन बांधून झालं की ते नेमकं कुठे ठेवायचं? माझं ॲप क्यूटी क्रिएटर या एडिटरमधून इन्स्टॉलरच्या किटवर (तयार लायब्ररी आणि अवजारांच्या संचावर) बांधलं जातं. नवं किट करायचं म्हटलं तर त्यात क्यूएमएलही लागणार, म्हणजे पुन्हा सगळा पसारा.

देवळाली कॅम्प

लाइटवर मी सांगते, आमच्याकडेही पावसाळ्यात हेच.

पहिल्यापासून करावं लागत नाही. जे टार्गेट पूर्ण झालं त्याची नोंद निंजा स्वतःच्या लॉगमध्ये ठेवतो. तीच आज्ञा पुन्हा दिली की राहिलेल्यापासून सुरू होतो. एका ठिकाणी मात्र फसगत होते. लाइट जाण्याच्या आधीच्या काही सेकंदांत ज्या ऑब्जेक्ट फाइली (कंपाइल झालेले सुटे तुकडे) लिहून झाल्या, त्यांचा मजकूर डिस्कवर पोहोचलेलाच नसतो. फाइल आहे, नाव आहे, आकार शून्य. निंजाला ती झालेली वाटते, तो तिला हात लावत नाही, आणि शेवटी ते तुकडे जोडणारा लिंकर रडतो की हे ऑब्जेक्ट ओळखता येत नाही. म्हणून लाइट आल्यावर बिल्ड लावण्याआधी बिल्ड फोल्डरमध्ये शून्य आकाराच्या ओ प्रत्ययाच्या फाइली शोधून उडवा. फाइंड कमांडला आकार शून्य सांगता येतो. कॉन्फिगर चालू असतानाच लाइट गेली असेल तर वाद नको, फोल्डर रिकामं करून कॉन्फिगर पुन्हा करा, त्याला फार वेळ लागत नाही.

दुसरं, सीकॅश (कंपाइल झालेलं साठवून ठेवणारं अवजार) बसवा. उबुंटूच्या पॅकेजमध्ये आहे, आणि क्यूटीच्या कॉन्फिगरला सीकॅश नावाचाच पर्याय देता येतो. पहिल्या वेळी त्याचा काही फायदा दिसत नाही. पण एनडीकेचा रस्ता चुकला, फोल्डर रिकामं करावं लागलं, असं झालं की तेच पर्याय आणि तीच फाइल असेल तिथे तो साठवलेलं ऑब्जेक्ट देतो आणि काम झरझर पुढे जातं. साठ्याची मर्यादा आपल्या डिस्कप्रमाणे ठेवा.

पीसीला छोटा यूपीएस मिळाला तर बघा. बिल्ड पूर्ण करण्याइतकं त्याने भागणार नाही, पण मशीन शांतपणे बंद करायला वेळ मिळतो, आणि तुमचा सगळा कोड त्याच एसएसडीवर आहे म्हणून म्हणते.

सातपूरकर

प्लगइन कुठे ठेवायचं ते. नवं किट करू नका. इन्स्टॉलरच्या अँड्रॉइड_आर्म६४_व्ही८ए फोल्डरमध्ये प्लगइन्स, त्यात प्लॅटफॉर्म्स. तिथे लिब-प्लगइन्स-प्लॅटफॉर्म्स-क्यूटीफॉरअँड्रॉइड अशा नावाची, शेवटी एबीआय जोडलेली एसओ फाइल (कंपाइल झालेली लायब्ररी) आहे. तुमच्या बिल्ड फोल्डरमध्ये त्याच नावाची तयार होईल. मूळची नीट दुसरीकडे जपून ठेवा, तुमची तिथे टाका. मूळची त्याच फोल्डरमध्ये नाव बदलून ठेवू नका, नाहीतर ॲपबरोबर दोन्ही बांधल्या जाण्याची भीती. मग क्यूटी क्रिएटरमध्ये तुमच्या ॲपचं बिल्ड फोल्डर साफ करून पुन्हा बांधा. एपीके (फोनवर टाकायची ॲपची फाइल) तयार करताना अँड्रॉइडडिप्लॉयक्यूटी हे अवजार किटच्या फोल्डरमधूनच प्लगइन उचलतं, त्यामुळे वेगळं काही सांगावं लागत नाही.

एक लक्षात ठेवा. कीबोर्डशी बोलणारा अर्धा भाग सी प्लस प्लसमध्ये आहे आणि अर्धा जावामध्ये. जावाचा भाग किटच्या जार फोल्डरमधल्या क्यूटी६अँड्रॉइड नावाच्या जारमध्ये असतो. आता तुम्ही फक्त सी प्लस प्लसची फाइल बदलली, म्हणून जारला हात लावायचा नाही. उद्या जावाच्या फाइलमध्येही छापायचं ठरवलंत तर जार आणि एसओ दोन्ही एकाच बिल्डमधली हवीत.

फोन यूएसबीला जोडून एडीबी लॉगकॅट (फोनचा लॉग पीसीवर दाखवणारी आज्ञा) लावा आणि शेऱ्याच्या रकान्यात द्राक्ष लिहून एकेकदा खोडा. प्रत्येक निरोपाच्या पुढे तीन ॲट-चिन्हं येतात, त्यावर गाळणी लावा. खोडण्याच्या निरोपात डावीकडचे किती आणि उजवीकडचे किती असे दोन आकडे असतात. अँड्रॉइडच्या बाजूला हे आकडे यूटीएफ-१६ च्या एककात मोजले जातात. देवनागरीची नेहमीची अक्षरं एकेका एककात बसतात, त्यामुळे क्ष पूर्ण खोडायचा असेल तर डावीकडे ३ दिसायला हवेत. १ दिसला, तर कीबोर्डने ष एवढाच काढायला सांगितला आणि तुमच्या रकान्यात क आणि हलन्त उरले, म्हणजे तो अर्धा क. ३ दिसूनही क उरला, तर आकडा पोहोचल्यानंतर पुढे काहीतरी होतंय. तात्पुरता धरलेला भाग आधी पक्का होतो का नंतर, हा क्रम तिथे बघा. माझ्या मते कर्सर उडण्याचं उत्तर त्या क्रमात सापडेल. दोन वेगळ्या कीबोर्डवर तोच शब्द करून दोन्ही लॉग शेजारीशेजारी ठेवा, म्हणजे कीबोर्डचा भाग वेगळा काढता येईल.

हे प्लगइन घातलेलं एपीके मात्र शेजारच्या मळ्यांना देऊ नका. प्रत्येक अक्षर लॉगमध्ये छापलं जातं, आणि शेऱ्यात लोक काय लिहितील सांगता येत नाही. लॉग मिळाले की मूळची एसओ परत ठेवा, ॲप साफ करून बांधा आणि मग वाटा. पुढे दुरुस्ती क्यूटीच्या बाजूला निघाली आणि दुरुस्त प्लगइनच कायम ठेवायचं ठरलं, तर प्ले स्टोअरचा एक नियम बघून घ्या. अँड्रॉइड १५ किंवा त्यापुढचं टार्गेट ठेवणाऱ्या ॲपमधल्या सगळ्या एसओ १ नोव्हेंबर २०२५ पासून १६ केबी पेजवर (मेमरी १६ केबीच्या तुकड्यांत वाटणाऱ्या फोनवर) चालणाऱ्या असाव्या लागतात. एनडीके आर२८ पासून ते आपोआप होतं. आर२६ वर लिंकरला मॅक्स-पेज-साइझ १६३८४ असं स्वतः सांगावं लागतं.